वांचो लिपी मोबाईलवर नुसते चौकोन का दाखवते?

खटपट्या: अरुणाचलच्या लाँगडिंग जिल्ह्यातल्या वांचो भाषेची नवीन लिपी आहे ना, त्यातली पोस्ट उघडली तर सगळे रिकामे चौकोन, फोन जुना आहे माझा. आणि मुळात रोमन, देवनागरी असताना वेगळी लिपी काढलीच कशाला?

शाईपेन: फॉन्ट नाहीये तुझ्याकडे. २०१९ ला युनिकोड १२ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-फोनसाठीच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, आली ती. कॉम्प्युटरवर नोटो सान्स वांचो टाक, दिसेल. जुन्या फोनचं विसर.

रानवारा: कशाला म्हणजे काय, बनवांग लोसू नावाच्या शिक्षकाने २००१ ते २०१२ एवढी वर्षं घासून बनवलीये. भाषा टोनल आहे, सूर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून स्वराच्या अक्षरावर सुराची खूण देतात. आणि आपल्यासारखी जोडाक्षरांची भानगडच नाही, व्यंजन लिहा, शेजारी स्वर लिहा, चला पुढे.

खटपट्या: भारीच की, मग टायपिंगला आपल्यापेक्षा सोपी! वापरतात का पण लोक?

रानवारा: काही शाळांत शिकवतात. पण रोमन, देवनागरीत लिहिणारेही आहेतच, आणि फोनवर आयता रोमन कीबोर्ड असला की कोण कशाला दुसरा शोधत बसतंय.