फ्लू एका कोपऱ्यात, बंदी अख्ख्या देशावर: आपण हरलो ते बरोबर की चूक?

कोपरखैरणेकर:
फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला. सुमारे २५,००० पक्षी मारायचा आदेश निघाला. आपला नियम असा: १ किमीच्या आतले पक्षी नष्ट, १० किमीपर्यंत पाळत. ठाणे जिल्हासुद्धा बंद होत नाही. बाहेरच्या कोंबडीला मात्र १९ जुलै २०११ च्या अधिसूचनेने वेगळा न्याय लावला. निर्यात करणाऱ्या देशात कुठेही फ्लू निघाला, अगदी सौम्य जातीचा, तरी अख्ख्या देशाचं चिकन आणि अंडी बंद! अमेरिका २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली. २०१४ ला तंटा ऐकणाऱ्या पॅनेलपुढे आणि जून २०१५ ला अपिलात आपण हरलो. माझ्या मते हरायलाच हवं होतं.

उरण_रीफर:
इतकं सोपं नाही. एसपीएस कराराचं (संघटनेचा अन्न आणि प्राणी-वनस्पती आरोग्याच्या नियमांचा करार) कलम ६ नीट वाचा. आपला भाग रोगमुक्त आहे हे पुराव्यानिशी दाखवायची जबाबदारी निर्यातदार देशावर आहे. आणि प्रत्यक्षात काय होतं? ४० फुटी रीफर (शीत कंटेनर), उणे १८ अंश, आत साधारण २५ टन तंगड्या. कटिंग प्लांटमध्ये अनेक फार्मचे पक्षी येतात, खोक्यावर प्लांटचा नंबर असतो, फार्मचा नसतो. न्हावा शेवाला क्वारंटाइनवाल्याने 'झोन', म्हणजे माल रोगमुक्त भागातला की नाही, ओळखायचा कशावरून?

कोपरखैरणेकर:
हेल्थ सर्टिफिकेटवरून. कापणीची तारीख, प्लांट नंबर आणि पक्षी कुठल्या भागातले, हे तिन्ही लिहून घ्यायची अट सॅनिटरी इम्पोर्ट परमिटमध्येच (आयातीच्या परवान्यात) घालायची. तारखा जुळल्या नाहीत की माल परत. उलट देशभर बंदी असली की बोट समुद्रात असताना दुसऱ्याच टोकाला फ्लू निघतो आणि चांगला माल धक्क्यावर प्लग-इनचे (कंटेनर थंड ठेवायच्या विजेचे) पैसे खात बसतो. पुरावा द्यायची जबाबदारी त्यांची, मान्य. पण आपल्या अधिसूचनेत 'भाग' ही कल्पनाच नव्हती, मग तो पुरावा द्यायचा कुणाला?

तलावपाळी:
दोघेही मुख्य मुद्दा सोडताय. पॅनेलने बंदी घालायला मनाई केलेली नाही. आपल्याकडे जोखीम मूल्यांकन नव्हतं, तिथे फसलो. आणि सौम्य फ्लूसाठी देशांतर्गत पाळत जवळपास नसताना बाहेरच्यांना त्याच फ्लूवरून अडवलं, म्हणजे भेदभाव. पुरावा अपुरा असेल तर कलम ५.७ खाली तात्पुरती बंदी घालता येते, पण मग माहिती गोळा करून वाजवी मुदतीत फेरविचार करावा लागतो. ते तर आपण केलंच नाही.

उरण_रीफर:
कायद्याचं ठीक, पण खरी भीती वेगळी आहे. अमेरिकन माणसाला छातीचं मांस हवं, तंगड्या उरतात. त्या स्वस्तात इथे ओतल्या तर आपल्या पोल्ट्रीवाल्यांचं काय? म्हणून तर तंगड्यांवर १०० टक्के आयात शुल्क आहे.

कोपरखैरणेकर:
बरोब्बर, आणि तिथेच तुम्ही माझी बाजू घेतलीत. 😀 या तंट्यात त्या शुल्काला कुणी हातही लावला नाही. उघड भिंत असताना रोगाचा बुरखा कशाला? २०१६ मध्ये अधिसूचना बदलून झोन घातले, तरी अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या व्यापारी प्रत्युत्तराची परवानगी मागितली.

तलावपाळी:
आणि झोनची गरज आपल्यालाच जास्त आहे! लाळ्या-खुरकूत हा गुरांचा रोग आपल्याकडे आहे, तरी म्हशीचं मांस जातं कसं? हाडं आणि ग्रंथी काढून, २ अंशांच्या वर किमान २४ तास ठेवून, पीएच ६ च्या खाली आला की. देशभर बंदीचा नियम सगळ्यांनी आपल्याला लावला असता तर? ऑक्टोबर २०२३ मध्ये आपणच महाराष्ट्रासह ४ राज्यांतले २६ पोल्ट्री कंपार्टमेंट फ्लूमुक्त जाहीर केले. म्हणजे पॅनेलने सांगितलं तेच.

उरण_रीफर:
कंपार्टमेंट म्हणजे एकाच व्यवस्थापनाची, कडक जैवसुरक्षेची युनिट्स. झोन म्हणजे नकाशावरची रेघ, आणि उडणाऱ्या बदकाला रेघ दिसत नाही. दोन्हींची गल्लत करू नका. शिवाय सप्टेंबर २०२३ ला हा तंटा मिटला तो गोठवलेल्या टर्की आणि बदकावरचं शुल्क कमी करायच्या तडजोडीवर. तंगड्यांवरचे १०० टक्के जागच्या जागी. आता सांगा, हरलं कोण?

कोपरखैरणेकर:
इथे टर्की आणि बदक खातो कोण, हे त्यांनाही ठाऊक असेलच की.