दाट पट्टा म्हणजे हिवाळाच का?

प्रवाळाच्या सांगाड्यातला दाट पट्टा हिवाळ्यातला आणि विरळ पट्टा उन्हाळ्यातला, असे बऱ्याचदा सांगितले जाते. ते सरसकट खरे मानू नये. नागपुरातल्या आरागिरणीत सागाचा ओंडका आडवा कापला की मोठ्या छिद्रांची ओळ दिसते आणि ती पावसाळ्याच्या तोंडाशी वाढ सुरू झाल्याची खूण आहे, हे ठामपणे सांगता येते, कारण खोडाची नवी वाढ सालीलगतच्या अगदी पातळ थरात होते. प्रवाळाचे तसे नाही. पोरायटीससारख्या प्रवाळात जिवंत ऊतीचा थर काही मिलिमीटर जाड असतो, त्या साऱ्या जाडीत जुना सांगाडा भरत राहतो, आणि वार्षिक वाढ साधारण एक सेंटिमीटर धरली तर पाच मिलिमीटरचा थर म्हणजे सहा महिन्यांची सरमिसळ झाली! १९७२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या प्रवाळबेटाच्या प्रवाळांत अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गी खुणांवरून पट्ट्यांची जोडी वार्षिक असल्याचे सिद्ध झाले, पण त्यावरून महिना ठरत नाही. त्यात लक्षद्वीपचे पाणी एप्रिल-मेमध्ये सर्वांत उबदार असते आणि मोसमी वाऱ्यांत थंड होते, म्हणजे थंड पाणी ही हिवाळ्याचीच खूण नव्हे. म्हणून ऋतू ठरवताना ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (कमी-अधिक वजनाच्या ऑक्सिजन अणूंचे, ज्यांचे सांगाड्यातले प्रमाण पाण्याच्या तापमानानुसार बदलते) मोजमाप सोबत हवेच.