दसऱ्याची की मारबतीची? वय नक्की नसलेल्या कालवडीचे लसीकरण आणि खुराक

कळमेश्वरचा शेतकरी (१५ मे)

नमस्कार. गेल्या आठवड्यात मी शेजारच्या गावातून एक संकरित जर्सी कालवड विकत घेतली. तिच्या कानात पिवळा बिल्ला आहे, परंतु कोणत्या लसी दिल्या याची कसलीही नोंद विकणाऱ्याकडे नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती दसऱ्याला जन्मली. त्याची आई मात्र ठामपणे सांगते की नागपुरात मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक) निघाली त्याच दिवशी गाय व्याली. पोळा आणि दसरा यांत सुमारे ४० दिवसांचे अंतर असल्यामुळे कालवड सात महिन्यांची आहे की जवळजवळ नऊ महिन्यांची, हे मला ठरवता येत नाही. दात पाहून वय कळेल का?

सध्या तिला रोज दोन किलो सरकीची ढेप आणि पोटभर तुरीचे कुटार (मळणीनंतरचा सुका भुसा) घालतो. हिरवा चारा उन्हामुळे जेमतेम तीन किलो मिळतो. वाढ चांगली व्हावी म्हणून ढेप आणखी वाढवावी का, आणि लसी कोणत्या क्रमाने द्याव्यात, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, काटोल (१५ मे)

भाऊ, दातांवरून हा प्रश्न सुटणार नाही. दुधाचे दात पडून पहिली कायमची जोडी येते ती साधारण दोन वर्षांनी. त्याआधी सात आणि नऊ महिन्यांच्या कालवडींच्या तोंडात फरक ओळखणे अवघड असते. मात्र तुमच्या बाबतीत हे ४० दिवस खरोखर महत्त्वाचे आहेत, कारण ब्रुसेल्लाची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची, लस फक्त मादी वासरांना आणि तीही चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. वय उलटल्यावर ती दिली, तर रक्तातली प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकून राहतात आणि पुढे तपासणीत जनावर खरेच बाधित आहे की केवळ लसीमुळे तसे दिसते, हे सांगणे कठीण होते. गाभण जनावराला दिली तर ही जिवंत लस स्वतःच गर्भपात घडवू शकते.

तेव्हा दोन गोष्टी उद्याच करा. पहिली, बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक घेऊन दवाखान्यात जा आणि त्यावर कोणत्या लसींची नोंद आहे ते डॉक्टरांना पाहायला सांगा. दुसरी, विकणाऱ्याला विचारा की गाय कृत्रिम रेतनाने भरवली होती का, आणि असल्यास त्याची चिठ्ठी घरात कुठे आहे. रेतनाच्या तारखेत सुमारे २८० दिवस मिळवले की जन्माची तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने निघते. घरच्यांच्या आठवणीपेक्षा मी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवीन. सणांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात, हे नोकरीत असताना मी गोठ्यागोठ्यातून पाहिले आहे.

वय आठ महिन्यांच्या आत निघाले, तर क्रम असा ठेवा: आत्ताच शेण तपासून वजनाप्रमाणे जंतनाशक पाजा, आठ-दहा दिवसांनी ब्रुसेल्लाची लस घ्या, कारण याच लसीची मुदत संपते आहे. घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी सहा महिन्यांच्या पुढे दरवर्षी पावसाच्या तोंडावर द्यायच्या असतात, त्या दोन ते तीन आठवड्यांनी घेता येतील. लाळ्या-खुरकुताची नोंद नसेल तर पहिली मात्रा, महिन्याने दुसरी आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक, असे चालते. लंपीची लस डॉक्टर त्यांच्या मोहिमेप्रमाणे देतील. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्ला यांचे लसीकरण २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे, हेही लक्षात असू द्या. ताप, हगवण किंवा अंगावर गोचिडांचा भार असताना कोणतीही लस घेऊ नका. संकरित जनावरात गोचिडतापाने फार नुकसान होते, त्यामुळे पावसाआधी गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवून घ्या.

एक इशारा. ब्रुसेल्लाची लस माणसालाही बाधू शकते. टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घातलेलाच असावा, आणि लहान मुलांना त्या वेळी गोठ्यात येऊ देऊ नका.

हिंगण्याची गोठेवाली (१६ मे)

काकांनी लसींचे नीट सांगितले आहे, म्हणून मी फक्त खुराकाविषयी लिहिते. दादा, ढेप वाढवू नका, कमी करा. नुसती सरकीची ढेप म्हणजे प्रथिने भरपूर, पण चुन्यासारखे क्षार अपुरे. शिवाय वयात येण्याआधी कालवड नको तेवढी लठ्ठ झाली, तर कासेत दुधाच्या ग्रंथींऐवजी चरबी भरते आणि पुढे दुधात घट येते. अंगावरची चकाकी पाहून शेजारी कौतुक करतात, पण त्या कौतुकाचा दुधाशी काही संबंध नसतो.

आमच्याकडे १०० किलो खुराक करताना मक्याचा भरडा ४० किलो, ढेप ३०, तूरचुनी १५, गव्हाचा कोंडा १२, क्षारमिश्रण दोन आणि मीठ एक किलो घेतो. सव्वाशे किलोच्या आतल्या कालवडीला यातला सव्वा किलो, दोन वेळांत विभागून, पुरतो. सोबत पाच-सहा किलो हिरवा चारा आणि एक-दीड किलो कुटार द्या. मका किंवा संकरित नेपियर मिळाला तर उत्तम. मात्र पाण्याअभावी खुरटलेली, फुलोऱ्यात न आलेली कोवळी ज्वारी मुळीच घालू नका, तिच्यातल्या विषाने जनावर तासाभरात आडवे होऊ शकते. खुराक एकदम न बदलता आठवडाभरात हळूहळू बदला.

आणि लग्नसराई आहे, म्हणून सांगते. गेल्या वर्षी आमच्या गड्याने मंगल कार्यालयातून उरलेला भात आणून एका कालवडीपुढे टोपलीभर ओतला. दुसऱ्या दिवशी तिने रवंथ करणे थांबवले, डावी कूस हाताला घट्ट लागत होती आणि शेण आंबट वासाचे पातळ पडत होते. डॉक्टरांनी वाचवली, पण तिला पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले.

वजनासाठी काटा लागत नाही. शिंप्याची पट्टी घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम वाढ मिळाली तर समाधानी राहा. पहिल्यांदा भरवण्याचा विचार अडीचशे किलो झाल्यावरच करा, नुसते महिने मोजून नाही.

कळमेश्वरचा शेतकरी (२८ मे)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. विकणाऱ्याच्या घरी रेतनाची चिठ्ठी विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडली. तारीख २७ डिसेंबर होती, त्यावरून जन्म ३ ऑक्टोबरच्या आसपास येतो. आजींनी सांगितलेली मारबत दुसऱ्या गाईची निघाली. बिल्ल्याच्या क्रमांकावर वय अंदाजे लिहिलेले होते आणि लसीची एकही नोंद नव्हती. त्यामुळे मुदत संपायला आठवडा उरला असताना, म्हणजे २६ मे रोजी, ब्रुसेल्लाची लस झाली. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू असल्यामुळे डॉक्टरांना सकाळी सातलाच बोलावले होते. त्या संध्याकाळी अंग गरम लागले आणि तिने अर्धाच खुराक खाल्ला. काल दुपारपासून नेहमीसारखी खाते आहे. घटसर्प आणि फऱ्यासाठी १५ जूनची वेळ मिळाली आहे.

ताई, नवीन खुराकाकडे पहिले दोन दिवस तिने तोंडसुद्धा वळवले नाही. मग वरून चिमूटभर ढेप भुरभुरली, तेव्हा कुठे चाटू लागली. आज घेर ४४ इंच आणि लांबी ४० इंच भरली, म्हणजे सुमारे ११७ किलो. पट्टी गोठ्यातल्या खुंटीलाच अडकवून ठेवली आहे. पुढचे माप २८ जूनला घेऊन इथेच कळवीन.