थेरपिस्ट ऑनलाइन, सुपरवायजरही ऑनलाइन. मग सेशन बघायचं कुणी?

काठावरची

दुसऱ्या थेरपिस्टांचं सुपरविजन करणं, म्हणजे त्यांच्या केसेसवर त्यांच्याशी बोलून त्यांच्या कामावर देखरेख ठेवणं, हे माझं काम. त्यातले बहुतेक जण आता पूर्ण ऑनलाइन बसतात आणि त्यांची-माझी भेटही पडद्यावरच होते. माझं मत आधी सांगून टाकते, मग हवं तेवढं झोडा: ऑनलाइन थेरपिस्टच्या सुपरवायजरने महिन्यातून निदान एका सेशनचं रेकॉर्डिंग स्वतः बघितलं पाहिजे. 'काय झालं ते सांग' एवढ्यावर भागत नाही.

हे मत कशामुळे झालं ते सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एक थेरपिस्ट सलग तीन आठवडे मला सांगत होती, "क्लायंट मूळ विषयाजवळ आली की गप्प होते. रेझिस्टन्स आहे." (म्हणजे अवघड विषय टाळायला मनाने केलेला विरोध.) आम्ही दोघींनी त्या रेझिस्टन्सचा कीस पाडला. शेवटी क्लायंटच्या लेखी संमतीने एक सेशन रेकॉर्ड झालं. तेविसाव्या मिनिटाला क्लायंटने एका कानातला इअरफोन काढला, डावीकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "नाही, तसं सगळं बरंय." पाचेक मिनिटांनी इअरफोन परत कानात. दारापाशी कुणीतरी घुटमळत होतं, एवढाच तो रेझिस्टन्स! थेरपिस्ट तेव्हा मान खाली घालून नोट्स टाइप करत होती. जे तिला दिसलंच नाही, ते ती मला सांगणार कुठून?

आणि आपण सगळे स्वतःबद्दल जरा जास्तच उदार असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात थेरपिस्टांना विचारलं होतं, तुमच्या क्लायंटपैकी कुणाची अवस्था उपचारांनंतर आणखी वाईट होईल? ५५० जणांतून त्यांनी ३ जण निवडले. प्रत्यक्षात बिघडले ४०.

शांत_खोली

ठाम असहमत.

सुपरविजन पहिल्यापासून सांगण्या-ऐकण्यावरच चालत आलंय. १९२० मध्ये बर्लिनला मनोविश्लेषकांनी आपलं क्लिनिक काढलं आणि शिकाऊ माणसाने अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केस घ्यायची, ही पद्धत तिथे पक्की झाली. देखरेख करणारा खोलीत बसत नव्हता. त्याच्याही आधी, फ्रॉइडने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली 'छोट्या हान्स'ची केस बघा. मुलाशी बोलायचे त्याचे वडील, आणि ते फ्रॉइडला कळवायचे. त्या उपचारांच्या काळात फ्रॉइड मुलाला भेटला तो एकदाच. दुरून सुपरविजन ही काही आजची गोष्ट नाही.

थेरपिस्ट काय सांगतो यापेक्षा काय गाळतो, कुठे अडखळतो, कुणाबद्दल बोलताना चिडतो, हेच तर सुपरवायजरचं खरं साहित्य. रेकॉर्डिंग लावलं की दोघंही क्लायंटकडे बघत बसतात आणि थेरपिस्ट सुटतो.

आता माझी गोष्ट. एका क्लायंटने संमतीपत्रावर सही केली होती, रेकॉर्डिंग चालू होतं. चाळीस मिनिटं इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "एक सांगायचं होतं..." मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्याकडे बघून, "हे चालू आहे ना? मग राहू दे." मी लगेच बंद केलं. पण त्या दिवशी ते राहिलं ते राहिलंच. पुढच्या आठवड्यात तो आला नाही.

काठावरची

हान्सचं उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय हो! वोल्पे आणि रॅकमन या वर्तन-उपचारवाल्यांनी १९६० मध्ये त्या केसवर टीका केली ती नेमकी याच मुद्द्यावर. वडील आधीच फ्रॉइडचे अनुयायी, मुलाच्या तोंडी हवं ते घालणारे, आणि पुढे कळवणारेही तेच. मधल्या माणसाने जे पाहिलं तेच फ्रॉइडपर्यंत पोचलं.

लाल ठिपक्याचं मात्र मान्य. त्यावर माझ्याकडे पटकन देण्यासारखं उत्तर नाही.

पगारी_थेरपिस्ट

तुम्ही दोघंही मोठ्या लोकांच्या अडचणी सांगताय. आमच्याकडची बघा. मी एका अ‍ॅपवर काम करत होते, नाव राहू दे. दिवसाला नऊ सेशन, मध्ये पाच मिनिटं. 'सुपरविजन' म्हणजे महिन्यातून एक ग्रुप कॉल, त्यात आम्ही चौदा जण, निम्म्यांचे कॅमेरे बंद. पहिली वीस मिनिटं कुणाचं रेटिंग पडलं यावर जायची. आणि सुपरवायजर कोण? जी माझी पुढची शिफ्ट ठरवते आणि काँट्रॅक्ट वाढवायचं की नाही हे ठरवते तीच.

अशा बाईसमोर मी "परवा माझं चुकलं, मी क्लायंटवर वैतागले" असं बोलेन? तिच्याकडे गोड गोड केसच जाणार. आणि अशा ठिकाणी रेकॉर्डिंग सक्तीचं केलंत तर त्याचा पाळतीचा कॅमेरा होईल, सुपरविजन होणार नाही. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण नियम तुमच्यासारख्या सुपरवायजरपुरता थांबत नाही. तो त्या अ‍ॅपवाल्यालाही लागू होतो आणि तो मग प्रत्येक सेशन साठवून ठेवतो.

आधी वरिष्ठ आणि सुपरवायजर ही दोन वेगळी माणसं करा. रेकॉर्डिंगचं नंतर बघू.

शांत_खोली

+१. यावर एक शब्द वाढवायची गरज नाही.

रात्रपाळी

मला हा सगळा वाद दुय्यम वाटतो. ऑनलाइन कामात सुपरवायजर लागतो तो आत्ता, महिन्याच्या शेवटी नव्हे.

प्रसंग सांगतो. एक क्लायंट बोलता बोलता म्हणाली, "पुढच्या वेळी मी असेन की नाही माहीत नाही." मी विचारायला तोंड उघडलं आणि कॉल तुटला. क्लिनिकमध्ये असतो तर शेजारच्या खोलीचं दार ठोठावलं असतं. इथे माझ्यासमोर तिचं नाव आणि गोठलेलं चित्र. पत्ता काढला तर तो पहिल्या दिवशी भरलेल्या फॉर्मवरचा, आणि ती तर दोन आठवड्यांपूर्वीच दुसऱ्या गावी गेली होती, तिनेच सांगितलं होतं! सुपरवायजरला फोन लावला, बंद. क्लायंट त्या दिवशी सुखरूप होती. नेटवर्क गेलं होतं, अकरा मिनिटांनी तिचाच फोन आला. ती अकरा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला तीन प्रश्न: आत्ता कुठे आहात, घरात अजून कोण आहे, आणि लाइन तुटली तर कुणाला फोन करू. हे मला कुठल्याही सुपरवायजरने शिकवलं नव्हतं. माझ्या लेखी ऑनलाइन सुपरविजनची पहिली परीक्षा हीच: मी सेशनला बसलो असताना फोन उचलणारं कुणीतरी आहे का?

काठावरची

@रात्रपाळी, हे वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडे येणाऱ्यांना माझा नंबर दिलेला आहे, पण मी सेशनमध्ये असताना तो सायलेंटवर असतो हे आत्ता लक्षात आलं. पर्यायी नाव द्यायला हवं.

फक्त तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल एक. 'घरात अजून कोण आहे' याचं उत्तर ते माणूस शेजारीच उभं असेल तर खरं कसं मिळणार? 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा, किंवा एखादा खुणेचा शब्द आधीच ठरवून ठेवायचा. इअरफोनच्या प्रसंगानंतर आम्ही तेच केलं.

@पगारी_थेरपिस्ट, वरिष्ठ आणि सुपरवायजर वेगळे हवेत हे शंभर टक्के मान्य. पण तोवर रेकॉर्डिंग नको, हे नाही पटत. भीती गैरवापराची असेल तर फाईल कुणाकडे राहते यावर नियम करा ना.

शांत_खोली

एक राहिलं होतं. तुमच्या त्या ५५० जणांच्या अभ्यासात बिघडणारे क्लायंट थेरपिस्टांपेक्षा चांगले ओळखले ते कशाने? प्रत्येक सेशनला क्लायंटकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीने. कुणी कुणाचा व्हिडिओ बघितला नव्हता. तुमचाच पुरावा सांगतोय की क्लायंटला थेट विचारा. आकड्यांचा आलेख सुपरविजनला आणा, पाच मिनिटांत कळतं कुणाबद्दल बोलायचं. ठिपका नको, फाईल नको.

आणि संमती. आठवड्यातून एकदाच कुणाशी तरी मोकळं बोलायला मिळणारा माणूस तुमच्या फॉर्मला 'नाही' म्हणेल? तो म्हणणार, "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

काठावरची

प्रश्नावलीचा वार बरोबर बसला. ती मीही वापरते. पण आलेख खाली आला की काय चुकलं ते त्यात दिसत नाही. इअरफोनवाल्या क्लायंटचा आलेख सरळ सपाट होता, कारण फॉर्म भरतानाही तो माणूस घरातच होता.

'बघितलं पाहिजे' ही सक्ती मात्र मागे घेते. थेरपिस्टने रेकॉर्डिंगला नकार दिला तर मी कारण विचारेन. क्लायंटने दिला तर नाही विचारणार.

पगारी_थेरपिस्ट

बरं, तुमच्याकडे फाईलचं नक्की काय होतं? कोण ठेवतं, कोण पुसतं?

काठावरची

थेरपिस्टच्या मशीनवर, कुलूपबंद. माझ्याकडे फाईल येत नाही, ती स्क्रीन शेअर करते आणि आम्ही एकत्र बघतो, तेही सगळं नाही, दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा. मग ती लगेच पुसते.

पगारी_थेरपिस्ट

आणि पुसलं हे क्लायंटला कोण सांगतं?

काठावरची

आजवर कुणीच सांगत नव्हतं. फॉर्ममध्ये 'पुसलं जाईल' असं लिहिलंय, तेवढंच. मंगळवारी पुढचं सुपरविजन आहे, तिथे पहिला विषय हाच घेते.