मान वळवून आयजेव्ही मोजताना रीडिंग जुळत नाही

भूल_लातूर:
नमस्कार. उजव्या आयजेव्हीचा (मानेतल्या इंटर्नल जुग्युलर या मोठ्या शिरेचा) आकार सोनोग्राफीनं मान सरळ ठेवून, मग 30, 45 आणि 60 अंश डावीकडे वळवून मोजायचा आहे. लिनिअर (सरळ तोंडाचा) प्रोब, क्रिकॉइडची (गळ्यात हाताला लागणाऱ्या कूर्चेच्या कड्याची) पातळी, पेशंट उताणा. एकाच पेशंटचं मान सरळ असतानाचं रीडिंग एकदा 11 मिमी येतं, पाच मिनिटांनी 7. मोजण्यात चुकतंय की शीरच एवढी बदलते?

सोनो_नांदेड:
दोन्ही, पण आधी हात तपासा. शिरेतला दाब इतका कमी असतो की प्रोबच्या नुसत्या वजनानंही ती चपटते. जेल भरपूर घ्या. प्रोब आणि कातडीच्या मध्ये जेलचा काळा थर स्क्रीनवर दिसत राहिला पाहिजे. करंगळी क्लॅव्हिकलवर (मानेखालच्या आडव्या हाडावर) टेकवली की हाताचा भार मानेवर येत नाही. थर दिसेनासा झाला की ते रीडिंग सोडून द्या.
दुसरं, श्वास. पेशंट स्वतः श्वास घेत असेल तर श्वास आत घेताना शीर मिटते, सोडताना भरते, व्हेंटिलेटरवर उलट. सिने लूप (मशीनमध्ये साठलेली क्लिप) मागे फिरवून दर वेळी उच्छ्वासाच्या शेवटची फ्रेम धरा. तीन श्वासांची सरासरी घ्या. बोलणं, कण्हणं, खोकला चालू असताना मोजूच नका.
प्रोब कातडीला काटकोनात हवा. तिरका धरला की शीर उगाच मोठी दिसते. नुसता व्यास लिहू नका, उभं-आडवं दोन्ही मापं घ्या: 10 × 14 मिमी असेल तर तो गुणाकार 0.785 नं गुणून क्षेत्रफळ साधारण 110 चौरस मिमी.

आयसीयू_जालना:
सोनो सरांचं बरोबर. एक भर: मान वळवली की कातडी सरकते, त्यामुळे मार्करची खूण खोटी ठरते. प्रत्येक अंशाला क्रिकॉइड बोटानं पुन्हा चाचपा. कोन डोळ्यांनी ठरवू नका, गोनिओमीटर (कोनमापक) लावा. उशी एकतर सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको. स्थिती बदलल्यावर दोन मिनिटं थांबा.
आणि कॅरोटिडवरचं (शिरेशेजारून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीवरचं) शिरेचं आच्छादन मोजल्याशिवाय हे काम अपुरं आहे, असं माझं ठाम मत. मान जास्त वळवली की शीर कॅरोटिडच्या वर सरकते. सुई शिरेतून आरपार गेली तर थेट धमनीत. कॅरोटिड 7 मिमी रुंद आणि त्यातली 3 मिमी शिरेखाली, म्हणजे आच्छादन 43 टक्के. आकार थोडा वाढला म्हणून 60 अंशांवर लाइन (शिरेत औषधांची नळी) टाकणं धोक्याचं. शीर मोठी हवी तर डोक्याकडची बाजू 10-15 अंश खाली करा. मात्र मेंदूतला दाब वाढलेला असेल किंवा हार्ट फेल्युअर असेल तर नको.
आपल्याकडच्या मे महिन्यात रात्रभर उपाशी, पाणीही न घेतलेला पेशंट आला की शीर चिरेसारखी दिसते. किती तास उपाशी, सलाइन किती गेलं, हे तक्त्यात लिहाच.

सोनो_नांदेड:
पोर्टेबल मशीन असेल तर पीसीपीएनडीटीचं (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचं) आधी बघा. रुग्णालयात ते मशीन नोंदणी असलेल्या जागेतच आणि दाखल पेशंटसाठीच वापरता येतं. निरोगी स्वयंसेवकांवर मोजणार असाल तर त्या कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडे आधी लेखी विचारा.

भूल_लातूर:
धन्यवाद सर. जुन्या क्लिप पाहिल्या, 7 मिमीवाल्या फ्रेममध्ये जेलचा थर नाहीच. ती सगळी रीडिंग पुन्हा घेते, आच्छादनाचा रकानाही वाढवते.