‘चाळिशीनंतर पळू नका’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

घाटवाट (सातारा)

पेठकरकाकांनी परवा ‘चाळिशी उलटली, आता धावपळ पुरे’ असं लिहिलं आणि ते मला घरच्याच चौघांनी पाठवलं. काकांचं म्हणणं थोडक्यात असं: गुडघे जपून वापरायची चीज आहे. त्यांच्या सोसायटीतले ५१ वर्षांचे गृहस्थ २१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनमध्ये अठराव्या किलोमीटरला कोसळले, अँजिओप्लास्टी करावी लागली. पळणं हे पैसेवाल्यांचं नवं खूळ आहे. रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्या की माणसाला आणखी काही लागत नाही.

काका, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो, अशा लिहिण्यानं नुकसान होतं. माझा मेव्हणा पंचेचाळिशीचा, त्याला शुगर. वर्षभर मागं लागून त्याला मैदानावर आणला होता. तुमचं वाचलं आणि सोमवारी तो आलाच नाही. “बघ, मोठी माणसं काय म्हणतायत,” एवढंच म्हणाला.

मी ४३व्या वर्षी सुरुवात केली. वजन ८६, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.३. ऑफिसचा दुसरा मजला चढलो की दोन मिनिटं बोलता यायचं नाही. पहिले तीन आठवडे नुसतं चाललो, रोज ४० मिनिटं. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीनच दिवस. न थांबता ५ किलोमीटर जायला चार महिने लागले आणि वेळ लागली ४१ मिनिटं. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग कमी करायचा, हा एकच नियम धरला होता.

मध्येच उत्साहानं एका आठवड्यात ३ किलोमीटरवरून ८वर उडी मारली. नडगी अशी धरली की सहा आठवडे घरी. तेव्हा कळलं, दम वाढला म्हणून हाडं तयार झालेली नसतात.

दोन वर्षांनी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळलो. २०१२ पासून आमच्याकडं ही होते, पण तोवर मी ती फक्त रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितली होती. समर्थ मंदिर मागं पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो आणि मग चढ संपतच नाही. धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, फक्त त्याच्या बुटांचा ओल्या रस्त्यावरचा आवाज. निम्मं अंतर वर, निम्मं खाली. बघणाऱ्याला वाटतं उतार सोपा. मांड्या फुटतात त्या उतारालाच. २ तास ४८ मिनिटं लागली. शेवटच्या वळणाला माझी आई उभी होती, बाबा गेल्यावर पहिल्यांदाच एवढ्या गर्दीत आली होती. एचबीएवनसी आता ५.६ आहे.

त्या ५१ वर्षांच्या गृहस्थांनी किती महिने सराव केला होता, हे काकांनी लिहिलेलं नाही. तेवढं सांगा.

पेठकर (पुणे)

सांगतो. दोन महिने. मोबाइलमधलं अ‍ॅप बघून. आणि तपासणी केली होती, रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. त्यांच्या ग्रुपमधला प्रत्येक जण ‘तुम्ही करू शकता’ म्हणत होता. मी त्यांना रुग्णालयात बघायला गेलो तेव्हा त्यांच्या उशाशी पदक होतं, कुणीतरी भेटीला येताना आणून दिलेलं. तुम्ही पळण्याचे गोडवे गाता, तेव्हा ऐकणारा तुमचे चार महिने ऐकत नाही, फक्त घाटातलं धुकं ऐकतो.

गुडघ्याचं मी वाचून सांगत नाही. कॉलेजात असताना मी क्रॉस कंट्री पळायचो. चौतिसाव्या वर्षी डाव्या गुडघ्याची गादी काढली. पर्वती चढतो ती दिमाखासाठी नाही, उतरताना कठडा धरावा लागतो. माझ्यासारखा दुसरा कुणी होऊ नये म्हणून लिहिलं.

आणि खर्चाबद्दल एक अक्षर नाही? बूट बारा हजारांचे, घड्याळ तीस हजारांचं, वर नावनोंदणीचे दीड-दोन हजार. हा गरिबाचा व्यायाम म्हणून मिरवू नये.

फिजिओ (नाशिक)

रोज गुडघेच बघते म्हणून लिहिते. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तपुरवठा नसतो. दाब पडणं-सुटणं यातूनच तिला पोषण मिळतं, त्यामुळे बेताच्या भारानं ती टायरसारखी झिजत नाही. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के होतं. म्हणजे काका, तुमचं अगदीच चूक नाही. पण चूक पळण्यात नसून अतिरेकात आहे. आणि गादी काढलेला गुडघा हे वेगळंच प्रकरण, त्यावरून धडधाकट गुडघ्याचा निकाल लावता येत नाही.

दुसरं, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हृदय तपासलं असं होत नाही. चाळिशीपुढे शुगर, बीपी, तंबाखू किंवा घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक, यातलं एक जरी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून ईसीजी, स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती). पळताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथल्या तिथे थांबायचं. पदकासाठी दोन किलोमीटर ओढायचे नाहीत.

पेठकर (पुणे)

टक्के तुमच्याजवळ ठेवा. माझा गुडघा शंभर टक्के माझा आहे.

भरतीवाला (आष्टी, बीड)

खर्चाचं काका बरोबर बोलले. आमच्याकडं पहाटे पाचला हायवेच्या कडेनं तीस-चाळीस पोरं पळतात. पायात सहाशेचे बूट, तेही झिजलेले. पोलीस भरतीला १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर २० पैकी २०. एकेका सेकंदावर घराचं सगळं अवलंबून. पदक नाही, केळी नाहीत, पाणी घरून न्यायचं. ट्रक अंगावरून जातात. तालुक्याला धड ट्रॅक नाही. आमच्याच तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे. २०२२ च्या कॉमनवेल्थला स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य आणलं. तरी आम्ही अजून हायवेवरच.

तुम्ही मोठी माणसं पळावं की चालावं यावर एवढं भांडता. जिथं पळायचं ती जागा मागायला एकजण तरी चला की.

उपनगरी (बदलापूर)

सगळं वाचलं. घाटवाट यांना एकच विचारायचं आहे. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही पहाटे मैदानावर होतात, तेव्हा घरात डबा कोण करत होतं?

माझे यजमान दोन वर्षांपासून पळतात. जानेवारीत मुंबईची हाफ केली, पेडर रोडचा चढ न थांबता चढले, मला अभिमान आहे. पण रविवारी पहाटे चारला गेलेला माणूस ग्रुपबरोबर मिसळ खाऊन दहाला येतो आणि दुपारी तीनपर्यंत झोपतो. इतर दिवशी मी साडेचारला उठते, चौदा पोळ्या, दोन भाज्या, मुलाची शाळेची व्हॅन आणि सहा-पन्नासची लोकल. मलाही डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, थायरॉइड आहे. ‘अर्धा तास काढा स्वतःसाठी’ म्हणतात. कुठून काढू? तुमच्या चार महिन्यांच्या यशात ज्यांचे चार महिने गेले, त्यांचं नाव लिहिण्यात नाहीच.

घाटवाट (सातारा)

ताई, हा घरातला प्रश्न झाला. इथं विषय पळण्याचा आहे.

उपनगरी (बदलापूर)

घरातला नाही, पळण्याचाच प्रश्न आहे. सकाळचे दोन तास आकाशातून पडत नाहीत. तुमच्या आईंचं लिहिलंत, डोळ्यांत पाणी आलं. बायकोचा उल्लेखसुद्धा नाही. त्या शेवटच्या वळणाला होत्या की घरी येणाऱ्यांचा नाश्ता बघत होत्या?

रंकाळा (कोल्हापूर)

बाई, राग समजतो, पण मला हे पटत नाही. मी ५४ वर्षांची. पन्नासाव्या वर्षी सुरू केलं, रंकाळ्याला. कुणाला विचारलं नाही. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, चहा कोण करणार? म्हटलं, पातेलं कुठं असतं ते तुमच्या मुलाला ठाऊक आहे. दार ओढलं आणि निघाले. महिनाभर घरात अबोला होता. मग चहा व्हायला लागला. वेळ कुणी देत नाही, घ्यावा लागतो.

उपनगरी (बदलापूर)

ताई, तुमचं कौतुक. पण पन्नासाव्या वर्षी तुमची मुलं मोठी झाली होती आणि घरात सासूबाई होत्या. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. मी दार ओढून निघाले तर त्याला व्हॅनपर्यंत कोण नेईल? आणि पहाटे पाचला आमच्या स्टेशनमागच्या रस्त्यावर दिवे नाहीत, कुत्री आहेत, आणि टपरीवर बसलेली चार माणसं आहेत. एकदा गेले होते. दुसऱ्यांदा नाही गेले. ‘घ्यावा लागतो’ म्हणणं सोपं आहे, जिला घेता येत नाही तिलाच मग दोष लागतो.

भरतीवाला (आष्टी, बीड)

ताईचं खरं आहे. माझी बहीण भरतीची तयारी करते. मुलींना ८०० मीटर असतं. ती एकटी पळूच शकत नाही, मी मागून मोटारसायकल घेऊन जातो. माझा स्वतःचा सराव तेवढे दिवस बुडतो. गावातले म्हणतात, पोरीला कशाला रस्त्यावर पळवतो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला पोचली, तिचा फोटो बहिणीनं भिंतीला लावलाय. कुणी बोललं की आई त्या फोटोकडं बोट दाखवते. बास, वाद संपतो.

फिजिओ (नाशिक)

उपनगरीताई, सल्ला म्हणून नाही, उपयोगी पडलं तर बघा. पाळी जाण्याच्या सुमारास हाडं झपाट्याने पातळ होतात, त्याआधीच त्यांच्यावर भार पडायला हवा. त्याला पहाट लागत नाही. लोकलच्या पुलाचा जिना भरभर चढणं, घरी खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं, ओट्याशी उभं राहून टाचा उचलणं. दिवसात दहा-दहा मिनिटं तीनदा केलं तरी मोजलं जातं. थायरॉइडची गोळी नियमित चालू ठेवा.

उपनगरी (बदलापूर)

धन्यवाद. मनापासून. पण बघा, मला ओट्याशी टाचा उचलायच्या आणि त्यांना घाट. माझं म्हणणं तेच आहे.

घाटवाट (सातारा)

काल उत्तर दिलं नाही. राग आला होता, कारण उत्तर माझ्याजवळ नव्हतं. डबा तीच करत होती. सातारा हिलच्या दिवशी ती घरीच होती, पुण्याहून पळायला आलेले माझे सहा मित्र आमच्याकडं उतरले होते, त्यांचे पोहे करत होती.

रात्री तिला विचारलं, तुला पळायला यायचंय का, मी मुलांचं बघतो. ती म्हणाली, मला पळायचं नाही. मला रविवारी आठपर्यंत झोपायचंय. चार वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं. या रविवारी मी संध्याकाळी पळणार आहे.

पण काका, तुमचा मुद्दा मी अजूनही मानत नाही. हळू पळणारा माणूस कोसळत नाही, त्याला घाईला लावणारे कोसळवतात. दोन महिन्यांत हाफ, हे आमच्याही ग्रुपवर चालतं आणि मी कधी त्याला विरोध केला नाही. ती चूक माझी. नवीन माणसाला वर्षभर तरी २१ किलोमीटरचं नाव काढू देणार नाही.

भरतीवाला (आष्टी, बीड)

फिजिओताई, एक विचारायचं राहिलं. दोन आठवड्यांपासून नडगी दुखते. भरती जवळ आलीय, पळत राहू का?

फिजिओ (नाशिक)

नडगीच्या आतल्या कडेवर बोटानं दाबत खाली जा. चार-पाच बोटं लांब पट्टा दुखत असेल तर ताण आहे. आठवडाभर पळणं निम्मं करा, डांबर सोडून मातीवर या, जोराचे दिवस आठवड्याला तीनच. एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेवर असह्य दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. पळणं आजच बंद आणि डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून ‘काही नाही’ सांगितलं तरी दुखणं राहिलं तर परत जा. आणि बूट बदला. महागडे नकोत, पण तळ गेलेले नकोत.

पेठकर (पुणे)

भरतीवाल्या मुला, तुझ्या तालुक्यातल्या मैदानासाठी अर्ज लिहायचा असेल तर मसुदा पाठव. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत, कुठल्या टेबलावर काय अडतं ते मला कळतं.

घाटवाट, तुमच्या मेव्हण्यांना सांगा, मी ‘पळू नका’ लिहिलं होतं, ‘घरी बसा’ लिहिलं नव्हतं. सोमवारपासून चालायला पाठवा त्यांना. पळायचं की नाही ते स्ट्रेस टेस्ट झाल्यावर डॉक्टर ठरवतील. माझं मत बदललेलं नाही.