१९२८ चं कलकत्ता: एक तृतीयांश जागा देऊन टाकायला हव्या होत्या का?

धागाकर्ता:
१९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत आपण मोठी संधी घालवली, असं माझं ठाम मत आहे. नेहरू अहवालात, म्हणजे मोतीलाल नेहरूंच्या समितीने केलेल्या राज्यघटनेच्या आराखड्यात, ५०० जणांचं केंद्रीय सभागृह होतं. जीनांचं म्हणणं, मुसलमानांना एक तृतीयांश जागा द्या. अहवाल लोकसंख्येला धरून, म्हणजे साधारण एक चतुर्थांशावर होता. फरक चाळीसएक जागांचा! त्या बदल्यात १९०९ पासूनचे विभक्त मतदारसंघ, म्हणजे मुसलमान उमेदवाराला फक्त मुसलमानांनीच मत द्यायची पद्धत, सुटत होते. उदारमतवादी पुढारी तेजबहादूर सप्रू म्हणाले, देऊन टाका. आडवे आले आपल्या मुंबईचे बॅ. जयकर. जीनांच्या मागे मुसलमान आहेत किती, हा त्यांचा सवाल. मागणी फेटाळली गेली. लखनौला १९१६ मध्ये काँग्रेस आणि मुस्लिम लीगचा जागावाटपाचा करार झाला, तेव्हा टिळकांनी असा हिशेब केला नव्हता.

प्रतिसाद १:
जयकरांचा सवाल रास्तच होता. मुस्लिम लीगची तेव्हा दोन शकलं झाली होती, एक जीनांचं आणि एक मुहंमद शफींचं, आणि शफी गट विभक्त मतदारसंघ सोडायला तयार नव्हता. त्याच सुमारास दिल्लीत आगाखानांच्या अध्यक्षतेखाली मुस्लिम परिषद भरली, तिनेही तोच हट्ट धरला. जीना जे देऊ करत होते ते त्यांच्या हातात होतं का?

प्रतिसाद २:
लखनौचं पुरतं सांगा. बंगालात मुसलमान निम्म्याहून जास्त, जागा मिळाल्या ४० टक्के. संयुक्त प्रांतात १४ टक्क्यांच्या आसपास, तिथे ३०. हा पुढाऱ्यांचा सौदा होता.
माझे पणजोबा दाभोळच्या खाडीत मचव्यावर खलाशी होते. तेव्हा मत मिळायला असलं काहीतरी लागायचं, आणि त्यांच्याकडे सारा भरण्याइतकी जमीन नाही, शाळेचा दाखला नाही. १९३७ च्या मतदारयादीत त्यांचं नाव नव्हतं, १९४६ च्याही नाही. त्यांच्या वतीने सगळे बोलले, त्यांना कुणी विचारलं नाही.

धागाकर्ता:
पणजोबांचं मनाला लागलं. तरीही संयुक्त मतदारसंघ असते तर मुसलमान उमेदवाराला कुणबीवाडीत मत मागायला जावं लागलं असतं आणि हिंदू उमेदवाराला मोहल्ल्यात. १९४५-४६ ला केंद्रातल्या मुसलमानांच्या तीसच्या तीस जागा लीगने जिंकल्या, त्या वेगळ्या यादीवरच.

प्रतिसाद २:
मोहल्ल्यात यायला मोहल्ल्याला मत तर हवं. प्रौढ मताधिकार नेहरू अहवालात होता. जीनांचीही एक दुरुस्ती होती, की तो आला नाही तर पंजाब-बंगालात लोकसंख्येप्रमाणे जागा राखा. माझ्या मते सगळ्यांनी मिळून अडून बसायला हवं होतं ते या मताधिकारासाठी.